सूत्रांमध्ये फील्डचे नाव जुळवून घडवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील कार्यालयांत विभागवार, स्थानकवार किंवा वर्षवार तक्त्यांवर काम करणाऱ्या विश्लेषकांसाठी हे पान लिहिले आहे. बहुतेक उदाहरणांत एकच कल्पित तक्ता गृहीत धरला आहे. त्यात कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा पाऊस आठ वेगवेगळ्या कॉलममध्ये ठेवला असून कॉलमची नावे ‘पाऊस_कुलाबा_जून’, ‘पाऊस_सांताक्रूझ_जुलै’ अशी आहेत. वाचकाला सूत्रे लिहिण्याची सवय आहे, असे मानले आहे. एखादे विशिष्ट सॉफ्टवेअर येत असलेच पाहिजे, असे मात्र नाही.

फील्डचे नाव घडवणे म्हणजे नेमके काय?

फील्ड म्हणजे तक्त्यातील कॉलम. नेहमीच्या सूत्रात कॉलमचे नाव लिहिणाऱ्यानेच ठरवलेले असते. नाव घडवताना ते तुकड्यांतून जुळवले जाते. ‘पाऊस_’ हा स्थिर तुकडा, वापरकर्त्याने यादीतून निवडलेले स्थानक, एक अधोरेषा आणि महिना एवढे एकापुढे एक जोडले की ‘पाऊस_कुलाबा_जून’ तयार होते आणि सूत्राने त्या नावाचा कॉलम वाचावा, अशी अपेक्षा असते. आठ कॉलमसाठी आठ सूत्रे लिहिण्याऐवजी एका सूत्रावर काम भागते, हा त्यामागचा सरळ हेतू. ही अपेक्षा प्रत्येक सॉफ्टवेअर निराळ्या रीतीने पुरी करते आणि काही सॉफ्टवेअर ती पुरीच करत नाहीत. पुढचे बहुतेक प्रश्न त्यातूनच निघतात.

नाव बरोबर जुळले, तरी बेरजेऐवजी ते नावच का छापले जाते?

कारण जुळवल्यावर हाती येतो तो निव्वळ मजकूर. ‘पाऊस_कुलाबा_जून’ ही अक्षरे म्हणजे त्या नावाचा कॉलम नव्हे. मजकुराकडून कॉलमकडे जाण्यासाठी एक स्वतंत्र पायरी लागते आणि ती आपण सांगितल्याशिवाय घडत नाही. डेटाबेसला पॅरामीटरमधून कॉलमचे नाव पाठवले, तर तो ते नाव एक मूल्य समजतो आणि प्रत्येक ओळीसमोर तोच मजकूर छापून मोकळा होतो. क्लिक सेन्स या आलेख आणि डॅशबोर्ड बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेरी अवतरणातील शब्द मजकूर असतो, तर चौकटी कंसातील किंवा दुहेरी अवतरणातील शब्द फील्ड असते. पॉवर क्वेरीत (एक्सेल आणि पॉवर बीआयमधील माहिती तयार करण्याच्या साधनात) ‘रेकॉर्ड डॉट फील्ड’, एक्सेलमध्ये ‘इनडायरेक्ट’ आणि पांडाज या पायथनमधील तक्त्यांच्या लायब्ररीत डेटाफ्रेमपुढचा, म्हणजे तक्त्यापुढचा, चौकटी कंस हेच काम करतो. आपल्या साधनात ही पायरी कोणती, हे आधी शोधावे. ती सापडत नसेल, तर त्या साधनात नाव घडवण्याचा नाद सोडून देणे शहाणपणाचे.

घडवलेले नाव प्रत्येक ओळीनुसार बदलू शकते का?

या विषयातील सर्वाधिक गोंधळ याच प्रश्नात आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

नाव कधी घडते, यावरून साधनांचे दोन गट पडतात. पहिल्या गटात सूत्र चालण्यापूर्वीच नाव एकदा घडते आणि मग संपूर्ण आलेखासाठी तेच राहते. क्लिक सेन्समधील डॉलर विस्तार याच गटातला आहे. डॉलरचे चिन्ह, कंस आणि आत बरोबरीच्या चिन्हाने सुरू होणारे सूत्र लिहिले, की ते आतले सूत्र आलेखाच्या बाहेर एकदाच सोडवले जाते, त्याचे उत्तर मूळ सूत्राच्या मजकुरात चिकटवले जाते आणि नंतरच गणित सुरू होते. त्यामुळे तक्त्याच्या एका ओळीत कुलाबा आणि दुसऱ्या ओळीत सांताक्रूझ असले, तरी विस्ताराला त्या ओळी दिसत नाहीत. वापरकर्त्याने एकच स्थानक निवडले असेल, तर ते मिळते. दोन्ही स्थानके खुली असतील, तर ‘एकमेव मूल्य’ असे काही उरत नाही, मधला तुकडा रिकामा जातो आणि नाव ‘पाऊस__जून’ असे दोन अधोरेषांचे बनते. असा कॉलम अर्थातच नाही. आलेख कधी दिसतो, कधी रिकामा पडतो, अशी तक्रार आली, तर सर्वप्रथम इथे पाहावे.

दुसऱ्या गटात नाव ओळीगणिक घडते. पॉवर क्वेरीत प्रत्येक ओळ हे एक रेकॉर्ड असते, म्हणून त्या ओळीतील स्थानक वाचून नाव जुळवता येते आणि त्याच ओळीतून त्या नावाचे मूल्य काढता येते. एक्सेलमध्ये ‘इंडेक्स’ आणि ‘मॅच’ यांची जोडी हेच करते. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसमध्ये ओळीचे जेसॉनमध्ये, म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांत, रूपांतर करून त्यातून नावाने मूल्य उचलता येते, मात्र हाती मजकूर येतो आणि तो पुन्हा संख्येत बदलावा लागतो. पांडाजमध्ये ओळीगणिक वेगळा कॉलम वाचण्यासाठी ‘लुकअप’ नावाची सोय होती. ती २.० या आवृत्तीत काढून टाकण्यात आली, त्यामुळे जुने धडे वाचून लिहिलेला कोड नव्या संगणकावर अडतो.

पहिल्या गटातील साधनात ओळीगणिक निवड हवीच असेल, तर नाव न घडवता सर्व पर्याय सूत्रात लिहावेत. क्लिकमध्ये ‘मॅच’ने स्थानकाचा क्रमांक काढून ‘पिक’ने त्या क्रमांकाचे फील्ड उचलता येते, डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेत ‘केस’ वापरता येते. सूत्र लांबते हे खरे, पण दोन-चार पर्याय असतील, तर हे लांब सूत्र घडवलेल्या नावापेक्षा वाचायला सोपे जाते आणि आमच्या मते तेच पसंत करावे.

‘जी-उत्तर’ हे नाव घेतले की सूत्र का बिघडते?

महापालिकेच्या प्रशासकीय विभागांची नावे मुंबईकराच्या तोंडात बसलेली आहेत, पण सूत्र वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यांतील आडवी रेघ वजाबाकीचे चिन्ह वाटते. ‘तक्रारी_जी-उत्तर’ हे नाव उघडे सोडले, तर ‘तक्रारी_जी’ या कॉलममधून ‘उत्तर’ नावाचा कॉलम वजा करा, असा त्याचा अर्थ लागतो. ‘के पूर्व’ लिहिताना मधली मोकळी जागा असाच घोळ करते. निदान अशा वेळी बहुधा त्रुटीचा संदेश तरी येतो.

खरा धोका आर्थिक वर्षाच्या नावात आहे. इंग्रजी अंकांत लिहिलेले २०२३-२४ हे कॉलमचे नाव एसक्यूएलमध्ये अवतरणाविना गेले, तर तक्रार न करता वजाबाकी केली जाते आणि उत्तर १९९९ येते. त्याची बेरीज मागितली, तर १९९९ गुणिले ओळींची संख्या इतका आकडा मिळतो. तो आकडा मोठा आणि भारदस्त दिसतो, आणि अहवालात सहज खपून जातो.

म्हणून नाव घडवताना ते नेहमी त्या साधनाच्या नावदर्शक चिन्हांतच गुंडाळावे. एसक्यूएल सर्व्हर आणि क्लिक यांत चौकटी कंस, पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये दुहेरी अवतरण, मायएसक्यूएलमध्ये उलटे एकेरी अवतरण चालते. ही चिन्हे हाताने जोडण्यापेक्षा साधनाने दिलेले फंक्शन वापरणे बरे, कारण नावातच एखादा चौकटी कंस असेल, तर तो दुप्पट करण्याचे काम फंक्शन करते. एसक्यूएल सर्व्हरमधील ‘कोटनेम’ हे असे फंक्शन आहे. त्याला १२८ अक्षरांहून लांब मजकूर दिला, तर ते रिकामे मूल्य परत करते आणि त्याला जोडलेली सारी क्वेरीही सहसा रिकामी होऊन बसते, एवढे ध्यानात ठेवावे.

चालू आर्थिक वर्षाचा कॉलम तारखेवरून आपोआप निवडता येईल का?

येईल, पण तीन ठिकाणी ठेच लागते. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने जानेवारी ते मार्च या महिन्यांसाठी पहिले वर्ष एकाने कमी करावे लागते. हे बहुतेकांच्या लक्षात असते. दुसऱ्या भागाचे दोन अंक काढताना मात्र पुढच्या वर्षाला शंभराने भागून बाकी घेतली, तर २००८ साठी ‘२००८-०९’ ऐवजी ‘२००८-९’ असे नाव तयार होते आणि जुन्या वर्षांचे कॉलम सापडेनासे होतात. बाकीला दोन अंकी रूप देण्यास विसरू नये.

तिसरी ठेच १ एप्रिलची. ३१ मार्चपर्यंत सुरळीत चाललेला डॅशबोर्ड दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामा दिसतो, कारण सूत्राने नव्या वर्षाचे नाव घडवलेले असते आणि त्या नावाचा कॉलम तक्त्यात अजून आलेलाच नसतो. आजच्या तारखेऐवजी तक्त्यात प्रत्यक्ष असलेल्या कॉलमांपैकी सर्वांत अलीकडचे वर्ष घेतले, तर हा प्रसंग टळतो.

महिन्यांच्या नावांबाबत एकच सूचना आहे. महिन्याचे नाव तारखेवरून संगणकाकडून घेऊ नये, कारण ते त्या संगणकाच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे येते आणि एकाकडे ‘जून’ तर दुसऱ्याकडे इंग्रजी नाव मिळते. बारा नावांची स्वतःची यादी ठेवावी.

कॉलमची नावे देवनागरीत असतील, तर चालेल का?

आजची सर्व प्रमुख साधने यूनिकोड जाणतात, त्यामुळे चालते. आपल्या वाचकांना मराठी मथळे समजतात, हा त्याचा मोठा लाभ आहे. परंतु नाव घडवणे म्हणजे अक्षरे तंतोतंत जुळवणे, आणि देवनागरीत डोळ्यांना सारखी दिसणारी अक्षरे आतून वेगळी असू शकतात.

‘भाडेकऱ्यांची संख्या’ हा मथळा घ्या. त्यातील अर्धा र तीन रीतींनी साठवला जाऊ शकतो. नुक्ता असलेले ‘ऱ’ हे एकच वर्णचिन्ह वापरून, साधा ‘र’ आणि सुटा नुक्ता अशी दोन चिन्हे वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा न दिसणारा जोडक वापरून. पहिल्या दोन रूपांना यूनिकोड समतुल्य मानते, म्हणून सामान्यीकरण केले, म्हणजे समतुल्य रूपे एकाच ठरलेल्या रूपात आणली, की ती एक होतात. तिसरे रूप मात्र सामान्यीकरणानेही पहिल्याशी जुळत नाही, ते स्वतः शोधून बदलावे लागते. एका कर्मचाऱ्याने एका कीबोर्डवर मथळा टंकला आणि दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवर सूत्र लिहिले, की पडद्यावर दोन्ही नावे अगदी सारखी दिसत असतानाही ‘असा कॉलम नाही’ हे उत्तर येते. अशा वेळी दोन्ही नावांची लांबी मोजणारे सूत्र लावावे, म्हणजे फरक लगेच उघडा पडतो. मात्र लांबी सारखी निघाली म्हणून नावे एकच आहेत, असेही समजू नये.

अंकांचेही तसेच आहे. देवनागरी अंकांतील वर्ष आणि इंग्रजी अंकांतील वर्ष हे मजकूर म्हणून दोन निराळे शब्द आहेत. पायथनमध्ये पूर्णांक बनवणारे फंक्शन देवनागरी अंकही वाचते, त्यामुळे गणित बरोबर येते आणि नाव तेवढे जुळत नाही. मोकळ्या जागांसाठी एक्सेलचे ‘ट्रिम’ वापरले, तरी वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरातील न तुटणारी मोकळी जागा त्याने जात नाही.

लांबीची मर्यादा हा आणखी एक मुद्दा आहे. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये नावाला मूळ मांडणीत ६३ बाइटची मर्यादा असते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही त्यात वेगळे मोजले जातात. म्हणजे फक्त २१ चिन्हे मावतात. ‘भाडेकऱ्यांची_संख्या_जी_’ इथवरचा मजकूर, ‘ऱ’ एकचिन्ही धरून, बरोबर ६३ बाइट भरतो. त्यामुळे पुढे ‘उत्तर’ असो वा ‘दक्षिण’, दोन्ही नावे तिथेच कापली जाऊन एकच होतात. साधी सूचना मिळते, त्रुटी येत नाही. ‘नसेल तरच कॉलम जोडा’ अशी आज्ञा देणाऱ्या स्क्रिप्टमध्ये दुसरा कॉलम तयारच होत नाही आणि जी-दक्षिणचे आकडे जी-उत्तरच्या आकड्यांवर लिहिले जातात. मायएसक्यूएलची मर्यादा ६४ अक्षरांची आहे, बाइटची नव्हे, त्यामुळे तिथे मराठी नावांना अधिक मोकळीक मिळते. तरीही डेटाबेसमध्ये आखूड सांकेतिक नावे ठेवून मराठी मथळे केवळ अहवालात दाखवणे आम्हाला अधिक सुरक्षित वाटते.

एक्सेलमध्ये ‘इनडायरेक्ट’ वापरावे की टाळावे?

छोट्या कामासाठी वापरावे, मोठ्या वहीत (वर्कबुकमध्ये) टाळावे. हे फंक्शन वहीतील कोणतीही पेशी बदलली, तरी पुन्हा गणले जाते. अशी सूत्रे हजारोंनी असली की टंकन अडखळू लागते. ते दुसऱ्या वहीकडे बोट दाखवत असेल आणि ती वही बंद असेल, तर संदर्भाची त्रुटी येते. कॉलमचा मथळा बदलला, तर साधी सूत्रे स्वतःहून सुधारतात, पण ‘इनडायरेक्ट’मधील मजकूर जसाच्या तसा राहतो. ‘मॅच’ने मथळ्याच्या ओळीतून कॉलमचा क्रमांक शोधून ‘इंडेक्स’ला देणे हा जवळजवळ प्रत्येक वेळी उजवा मार्ग आहे. ‘मॅच’चा शेवटचा भाग शून्य ठेवावा, अन्यथा ते अंदाजे जुळणारा मथळा पत्करते.

पॉवर बीआय आणि टॅब्लो यांत काय सोय आहे?

पॉवर बीआयच्या डॅक्स या सूत्रभाषेत मजकुरातून कॉलम घडवता येत नाही, मेजरमध्ये, म्हणजे अहवालासाठी लिहिलेल्या गणिताच्या सूत्रात, ‘स्विच’ने पर्याय लिहावे लागतात. वापरकर्त्याला आलेखावरील फील्ड बदलता यावे एवढाच हेतू असेल, तर मे २०२२ मध्ये आलेले फील्ड पॅरामीटर वापरावेत. त्यांत आपण आधीच नेमलेल्या फील्डची यादी असते. टॅब्लोमध्येही पॅरामीटर आणि ‘केस’ यांची जोडी हाच रूढ मार्ग आहे. पॉवर क्वेरी या टप्प्यावर मात्र नाव घडवण्यास मोकळीक आहे, म्हणून शक्य असेल ते काम तिथेच उरकावे.

नाव चुकले, तर सॉफ्टवेअर सांगेल का?

नेहमीच सांगेल, असे नाही. पांडाजमध्ये नसलेला कॉलम वाचायला गेलो, तर त्रुटी येते, पण नसलेल्या नावाला मूल्य दिले, तर त्या चुकीच्या नावाचा नवा कॉलम निमूटपणे तयार होतो. एसक्यूलाइट दुहेरी अवतरणातील नाव सापडले नाही, तर अनेकदा त्यालाच मजकूर मानून पुढे जाते. पॉवर क्वेरीतील ‘रेकॉर्ड डॉट फील्ड ऑर डिफॉल्ट’ रिकामे मूल्य देते आणि सरासरीत तो महिनाच गळून पडतो.

याहून अवघड प्रकार म्हणजे नाव चुकीचे, पण अस्तित्वात असलेले असणे. २७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३ मिलिमीटर. स्थानकाचा तुकडा चुकून कुलाब्यावर अडकून राहिला, तर कोणतीही त्रुटी न येता तक्ता त्या दिवशीचा पाऊस ७३ दाखवेल, आणि जुलैतल्या मुंबईसाठी ७३ हा आकडा कोणालाही खटकणार नाही. म्हणून घडवलेले नाव आलेखाच्या मथळ्यात वापरकर्त्याला दिसेल असे छापावे. कॉलमचे घडवलेले नाव प्रत्यक्ष कॉलमांच्या यादीत आहे की नाही, हे सूत्र चालण्यापूर्वी तपासावे आणि नसेल, तर काम तिथेच थांबवावे. शून्य किंवा रिकामे मूल्य दाखवून पुढे जाऊ नये.

वापरकर्त्याने टंकलेला मजकूर नावात जोडणे सुरक्षित आहे का?

नाही. डेटाबेसच्या क्वेरीत मूल्ये पॅरामीटरमधून सुरक्षितपणे पाठवता येतात, कॉलमची नावे तशी पाठवता येत नाहीत, आणि म्हणूनच लोक मजकूर जोडण्याकडे वळतात. त्या जोडणीतून कोणी पूर्ण वेगळी आज्ञा घुसवू शकतो. गुंडाळणारी फंक्शने ही घुसखोरी थांबवतात, पण ‘मोबाईल क्रमांक’ हे अगदी वैध नाव देऊन त्या कॉलममधील माहिती पाहणाऱ्याला ती थांबवत नाहीत. वापरकर्त्याकडून केवळ निवड घ्यावी, ती आपल्या मंजूर यादीत शोधावी आणि क्वेरीत यादीतले नाव घालावे, त्याने पाठवलेले नव्हे.

मुळात नाव घडवण्याची गरज पडावी का?

बहुतेक वेळा पडू नये, असे आमचे मत आहे. ‘पाऊस_कुलाबा_जून’ या नावात स्थानक आणि महिना ही माहिती दडलेली आहे. जी माहिती ओळींत असायला हवी, ती मथळ्यात कोंबल्यामुळे ती पुन्हा बाहेर काढण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो. तोच तक्ता उभा केला, म्हणजे स्थानक, महिना आणि पाऊस असे तीन कॉलम ठेवले, तर कुलाब्याचा जून हवा असताना साधी गाळणी लावली की झाले. पॉवर क्वेरीतील ‘अनपिव्होट’, क्लिकच्या लोड स्क्रिप्टमधील ‘क्रॉसटेबल’ आणि पांडाजमधील ‘मेल्ट’ हे काम काही ओळींत करतात. नवे आर्थिक वर्ष आले, तरी नवा कॉलम येत नाही, नव्या ओळी येतात, आणि १ एप्रिलचा प्रश्न उरत नाही. उद्या एखाद्या विभागाचे विभाजन होऊन दोन विभाग झाले, तरी सूत्राला हात लावावा लागत नाही.

तरीही काही ठिकाणी नाव घडवणे रास्त ठरते. तक्ता दुसऱ्या खात्याकडून आडव्या मांडणीतच येतो आणि तो उभा करण्याच्या पायरीवर आपला अधिकार नसतो, असे पुष्कळदा घडते. वापरकर्त्याला पाऊस, तापमान आणि आर्द्रता अशा भिन्न जातीच्या मोजमापांतून एक निवडायचे असेल, तर ती एका कॉलममध्ये ओतण्यात अर्थ नसतो, कारण एककेच वेगळी असतात. शेकडो कॉलमांवर तीच स्वच्छता करायची असेल, तेव्हाही नावांवरून फेरी मारणे योग्यच.

एखादा कॉलम काढून टाकायचा आहे, तो कुठे वापरला आहे हे कसे शोधावे?

घडवलेले पूर्ण नाव कोणत्याच सूत्रात लिहिलेले नसते, म्हणून ‘पाऊस_कुलाबा_जून’ शोधून काही हाती लागत नाही. ‘पाऊस_’ हा स्थिर तुकडा शोधावा. यासाठीच नाव जुळवण्याचे काम एकाच ठिकाणी, एका व्हेरिएबलमध्ये किंवा एका फंक्शनमध्ये ठेवावे आणि त्याच्या वर टिप्पणीत शक्य असलेली सर्व नावे पूर्ण लिहून ठेवावीत. पुढे शोध घेणाऱ्याला निदान ती टिप्पणी सापडते.